टाकी राहू द्या

बेसमेंटच्या छताला टांगलेल्या जुन्या लोखंडी टाक्या सरळ काढून टाकाव्यात, या मताची मी होते. मनातल्या मनात नव्हे. मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्यांनाही मी हेच ऐकवत असे. हल्ली मी उलट सांगते. टाकी राहू द्या, निदान काढण्याआधी तिची नीट चौकशी करा. पहिला सल्ला ज्यांनी ऐकला होता, त्यातल्या काहींनी विचारलं, "आता हे काय नवीन?" त्यांच्यासाठी आणि न्यू इंग्लंडात जुनं घर घ्यायला निघालेल्या इतरांसाठी हे लिहिते आहे.

आमचं घर मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचं. १९२०च्या दशकातलं, लाकडी, दुमजली. जानेवारीत इथे पारा दिवसेंदिवस शून्याच्या वर येत नाही, त्यामुळे घर गरम ठेवणं ही चैन नसते. या भागातल्या जुन्या घरांत कुठे वाफेवर चालणारे रेडिएटर असतात, कुठे गरम पाण्यावर चालणारे. आमच्याकडे पाणी. बेसमेंटमधल्या बॉयलरमध्ये ते सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापतं, पंप ते पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या बिडाच्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि निवलेलं पाणी पुन्हा बॉयलरकडे येतं. हे पाणी नळाला येत नाही, आंघोळीला नाही, प्यायला नाही. तेच ते पाणी वर्षानुवर्षं घरभर गोल फिरत असतं.

आणि त्या बॉयलरच्या वर, छताच्या दोन तुळयांच्या मध्ये, लोखंडी पट्ट्यांनी टांगलेली आडवी टाकी. साधारण ९० लिटरची. राखाडी रंगाचे थर, त्याखाली गंज, एका टोकाला काचेची नळी, तीही धुरकटलेली. घर बघायला आलो तेव्हा एजंटने तिच्याकडे बोट दाखवून "ही जुनी पद्धत" एवढंच म्हटलं आणि तो पुढे गेला.

माझ्या मतामागे एक हौस होती आणि एक समजूत. हौस अशी की बेसमेंट फिनिश करून घ्यायचं, म्हणजे छताला फॉल्स सीलिंग, खाली गालिचा, कॅरम, चार माणसं आली तर बसायला जागा. त्यात ही टाकी उंच माणसाच्या कपाळाच्या बरोब्बर आड येणारी. आणि समजूत अशी की ही टाकी म्हणजे सुरक्षेसाठी लावलेली एक जोडवस्तू. गाडीत स्टेपनी असते तशी: असावी, पण छोटी असली तरी चालेल, नवी असली तर उत्तम. बाजारात फुटबॉलपेक्षा थोड्या मोठ्या, सुबक टाक्या मिळतात. एका हीटिंगवाल्याने अर्ध्या दिवसात काम होईल असं सांगून अंदाजपत्रकही दिलं होतं. प्रश्नच मिटला, असं मला वाटत होतं.

मला पहिला धक्का दिला तो दादाने, तोही कोल्हापूरहून, फोनवर. दादा साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून निवृत्त झालेला. व्हिडिओ कॉलवर त्याला बेसमेंट दाखवत होते, तर गालिच्याच्या नमुन्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"वर ते काय लटकलंय?"

"एक्स्पान्शन टँक. काढायचाय तो."

"काढायचा म्हणतीस, मग वाढलेलं पाणी जाणार कुठं?"

"छोटा बसवणार ना दुसरा."

"किती छोटा? तुझ्या सगळ्या पाइपांत मिळून पाणी किती हाय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अंदाजपत्रक देणाऱ्यानेही ते काढलेलं नव्हतं, कारण त्यात टाकीची किंमत होती, मजुरी होती, पाण्याचा आकडा कुठेच नव्हता.

आपल्याकडे वाढलेल्या पाण्याचा प्रश्न पडत नाही, याचं कारण आपल्या घरांत पाण्याला वर जायची वाट मोकळी असते. बंबावरचं झाकण नुसतं ठेवलेलं. पाणी तापून फुगलं तर पातळी थोडी वर येते, संपलं. पुण्याच्या फ्लॅटमधला गिझर गच्चीवरच्या टाकीला जोडलेला असतो, आणि तापून फुगलेलं पाणी ज्या पाइपातून आलं त्याच पाइपात थोडं मागे सरकतं. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर मात्र त्याला मागे सरकता येत नाही. मग सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकायला लागतो आणि आपण गिझर बिघडला म्हणून प्लंबरला फोन लावतो. सोलरच्या टाकीवर जी नळी उभी दिसते, तिचंही एक काम हेच. वूस्टरच्या बेसमेंटमध्ये यातलं काही नाही. इथलं सगळं पाणी चारी बाजूंनी बंद आहे.

बंद पाणी तापवणं म्हणजे काय, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. वीस अंशांना एक लिटर पाण्याचं वजन ९९८ ग्रॅम भरतं, ऐंशी अंशांना ९७२. म्हणजे तेवढंच पाणी जास्त जागा मागतं. हिवाळ्यातल्या गार नळाच्या पाण्यापासून बॉयलरच्या वरच्या मर्यादेपर्यंत गेलं तर वाढ जवळजवळ तीन टक्के होते. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पाणी दाबलं जात नाही, आणि हीच खरी मेख आहे. भक्कम, काठोकाठ भरलेल्या बंद भांड्यात पन्नास अंशांच्या आसपासचं पाणी फक्त एका अंशाने तापवलं तरी दाब दहा बारच्या घरात वाढू पाहतो. दहा बार म्हणजे सुमारे १४५ पीएसआय. आणि घरगुती बॉयलरचा रिलीफ व्हॉल्व्ह ३० पीएसआयला उघडतो. थोडक्यात, टाकी नसेल तर बॉयलर पेटल्यावर काही मिनिटांतच व्हॉल्व्ह पाणी सोडू लागेल.

मग टाकी करते काय? वाढलेल्या पाण्याला दाबता येईल अशी एक गोष्ट समोर ठेवते, ती म्हणजे हवा. पाणी फुगलं की टाकीत शिरतं, हवा आकसते. पाणी निवलं की हवा पुन्हा पसरते आणि पाण्याला बाहेर ढकलते. रॉबर्ट बॉइलचा १६६२चा नियम, आपण दहावीच्या आगेमागे पाठ केलेला: दाब गुणिले आकारमान स्थिर. फरक एवढाच की इथे मोजताना गेजवरचा दाब घेऊन चालत नाही, त्यात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवावे लागतात. दादाने हे दोनदा बजावलं, "गेजवरचा आकडा घालून गणित करू नको, फसशील."

मी गणित केलं. आधी पाणी मोजलं, म्हणजे रेडिएटरांचे मापी तक्ते मिळाले त्यावरून आणि पाइपांचा व्यास-लांबी धरून. आमच्या घराचे पाइप मनगटाएवढे जाड आहेत, कारण घर बांधलं तेव्हा पंप नव्हताच. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर जायचं आणि गार पाणी खाली यायचं. त्या चालीला मोठे पाइप लागायचे. एकूण पाणी निघालं सुमारे ३८० लिटर. त्याचे तीन टक्के म्हणजे साडेअकरा लिटरच्या आसपास वाढ.

आता टाकी. दुमजली घरात गार असताना बेसमेंटमध्ये १२ पीएसआय दाब ठेवतात. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. पाण्याचा एक पीएसआय दाब पाण्याला २.३१ फूट वर नेतो. वरच्या मजल्यावरचा रेडिएटर बॉयलरपासून अठरा फुटांवर असेल तर तिथवर पोचायला आठ पीएसआय लागतात, आणि वर चार पीएसआय हातचे ठेवतात, म्हणजे वरच्या टोकालाही दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त राहतो. तर गार असताना १२, आणि तापल्यावर ३०च्या आत. या दोन आकड्यांच्या मध्ये हवा जितकी आकसते, तितकीच जागा वाढलेल्या पाण्याला मिळते.

नव्या टाकीत रबरी पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आधीच १२ पीएसआयपर्यंत भरलेली हवा. तिच्या एकूण आकाराच्या चाळीस टक्के जागा पाण्याला मिळते. जुन्या टाकीत पडदा नाही. ती सुरुवातीला साध्या हवेने भरलेली असते, आणि बॉयलर गार असतानाच १२ पीएसआयचं पाणी तिचा पंचेचाळीस टक्के भाग खाऊन टाकतं. खऱ्या वाढीसाठी उरते ती बावीस टक्के. म्हणजे त्याच कामाला जुनी टाकी जवळजवळ दुप्पट मोठी लागते. इथपर्यंत गणित माझ्याच बाजूने होतं: जुनी टाकी उगाच जागा अडवते, हे सिद्ध.

पण पुढची ओळ लिहिली आणि थांबले. आमच्या ९० लिटरच्या टाकीचे बावीस टक्के म्हणजे वीस लिटर. लागतात साडेअकरा. भरपूर. आणि अंदाजपत्रकातली सुबक टाकी होती साडेसोळा लिटरच्या आतबाहेरची. तिचे चाळीस टक्के म्हणजे साडेसहा लिटर. लागतात साडेअकरा! भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या बेसबोर्ड हीटरचे बारीक पाइप आणि मोजकं पाणी असलेल्या नव्या घराला ती टाकी अगदी योग्य आहे. आमच्या मनगटाएवढ्या पाइपांना ती निम्मीच पुरली असती. पडद्याचीच टाकी हवी असेल तर आम्हाला अठ्ठावीस-तीस लिटरची लागली असती. तीही मिळते, महाग नाही. पण ती कुणी सुचवली नव्हती, कारण पाणी कुणी मोजलंच नव्हतं.

माझं मत इथे बदललं नाही, हे कबूल करायला हवं. मी एवढंच म्हटलं, बरं, मोठी बसवू. टाकीबद्दलचा राग मात्र तसाच होता, आणि त्याला कारण होतं. दर हिवाळ्यात केव्हा ना केव्हा रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकायचा. खाली काँक्रीटवर पांढऱ्या क्षाराचा आणि तांबूस गंजाचा डाग पडलेला. टाकी जुनी म्हणून असं होतं, हे मी गृहीत धरलं होतं.

ते गृहीतक मोडलं एका वयस्क हीटिंगवाल्याने. दुसरं अंदाजपत्रक घ्यावं म्हणून त्याला बोलावलं होतं. तो आला, टाकीखाली उभा राहिला आणि बोटाच्या पेरांनी तिच्यावर टकटक करत गेला. वर, मध्ये, खाली. सगळीकडे तोच बद्द आवाज. टाकीत हवा असेल तर वरचा भाग पोकळ वाजायला हवा. टाकी पाण्याने गच्च भरली होती. हवा उरलीच नव्हती, आणि हवा नसलेली टाकी म्हणजे नुसता जाड पाइप. मला वाटलं, आता हाही म्हणेल की बदला. त्याने टाकीकडे पाहिलंच नाही पुढे. तो पाइपांच्या कडेने टॉर्च फिरवत गेला आणि बॉयलरवरच्या पाइपाला बसवलेल्या एका पितळी डबीपाशी थांबला. ऑटोमॅटिक एअर व्हेंट. आधीच्या कुणीतरी, चांगल्या हेतूनेच, बसवलेलं. "चोर हा आहे," अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला.

त्याने जे समजावलं ते मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. जुन्या टाकीत हवा आणि पाणी एकमेकांना लागून असतात. गार आणि दाबाखालचं पाणी हवा विरघळवून घेतं, गरम पाणी ती सोडून देतं. टाकीतलं पाणी तुलनेने गार, म्हणून ते हवा पितं. ते पाणी हळूहळू बॉयलरकडे सरकतं, तिथे तापतं आणि बुडबुडे सुटतात. जुन्या पद्धतीत हे बुडबुडे पुन्हा टाकीतच परत जातील अशी रचना असते. टाकीकडे जाणारा पाइप वर चढता ठेवतात, बॉयलरच्या तोंडाशी हवा वेगळी करून वर सोडणारी जोडणी असते. हवा घरातल्या घरातच फिरत राहते. तिच्यातला प्राणवायू सुरुवातीलाच लोखंडाशी संयोग पावून संपतो. मागे उरतो तो बहुतांशी नायट्रोजन, जो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. अशा घरात ऑटोमॅटिक व्हेंट बसवलं की काय होतं? सुटलेला प्रत्येक बुडबुडा पाइपांबाहेर. टाकी आपली हवा थोडी थोडी गमावत जाते, तिची जागा पाणी घेतं आणि एक दिवस टाकी गच्च.

मग सुरू होतं खरं नुकसान. टाकीत जागा नाही, म्हणून बॉयलर तापला की दाब तीसवर जातो, व्हॉल्व्ह थोडं पाणी सोडतो. बॉयलर निवला की तेवढं पाणी कमी, दाब बारापेक्षा खाली. लगेच शहराच्या पाइपाला जोडलेला फीड व्हॉल्व्ह ताजं पाणी आत सोडतो. ताज्या पाण्यात ताजा प्राणवायू आणि ताजे क्षार. दर खेपेला बॉयलरला थोडा गंज, थोडा क्षारांचा थर. जमिनीवरचा तो डाग मी फरशी खराब करणारी गोष्ट म्हणून पुसत होते. प्रत्यक्षात बॉयलरचं आयुष्य थेंबाथेंबाने तिथे सांडत होतं.

पडद्याच्या टाकीची पद्धत नेमकी याच्या उलट. तिथे हवा पडद्यामागे कोंडलेली, पाण्याशी तिचा संबंधच नाही. म्हणून पाण्यातली हवा जितकी बाहेर काढाल तितकं चांगलं. तिथे ऑटोमॅटिक व्हेंट हवंच. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या आहेत. बिघाड होतो तो अर्धी एक आणि अर्धी दुसरी घेतल्याने. आमच्याकडे तेच झालं होतं. टाकी जुन्या पद्धतीची, व्हेंट नव्या पद्धतीचं.

त्याने व्हेंट काढून तिथे प्लग बसवला आणि टाकी रिकामी केली. हे बघण्यासारखं होतं. बॉयलरकडचा व्हॉल्व्ह बंद केला, टाकीच्या तळाच्या तोटीला होज लावून तोटी उघडली. पाणी जोरात आलं, मग बारीक झालं आणि थांबलं, कारण वरून हवा शिरायला वाट नव्हती. त्याने तोटीवरचा छोटा स्क्रू सैल केला. टाकीने एक मोठा आवंढा गिळला, मग गडगड करत काळपट, लोखंडाचा वास येणारं पाणी बादल्याच्या बादल्या बाहेर आलं. शेवटी खळखळ थांबली, तोटी बंद, व्हॉल्व्ह उघडला, आणि पाणी पुन्हा टाकीत चढू लागलं; गेजचा काटा खाली जाऊन हळूहळू बारावर आला. त्याने पुन्हा टकटक केली. वर पोकळ, खाली बद्द. माझ्याकडून पैसे घेतले ते एका भेटीचे. नवी टाकी विकायची संधी हातची घालवून हा माणूस निघून गेला, याचं मला आश्चर्यच वाटलं.

त्यानंतर मी या टाक्यांचा इतिहास वाचायला लागले, आणि मला गंमत वाटली ती आमच्याच राज्याची. अँजियर मार्च पर्किन्स हा न्यूबरीपोर्टचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचा. त्याने इंग्लंडला जाऊन १८३१ साली बंद पाइपांतून, मोठ्या दाबाखाली, फार गरम पाणी फिरवणाऱ्या हीटिंगचं पेटंट घेतलं. त्या पद्धतीतही वाढणाऱ्या पाण्यासाठी हवा भरलेली एक जाड नळी होतीच. लंडनमधल्या वास्तुविशारद सर जॉन सोन यांच्या घरात ही पद्धत बसवली गेली होती. घरोघरी मात्र बराच काळ उघडी टाकी चालली: पोटमाळ्यावर एक टाकी, वर उघडी, वाढलेलं पाणी तिच्यात; जास्त झालं तर ओव्हरफ्लो. साधी आणि सुरक्षित, पण पाणी कायम हवेच्या संपर्कात, म्हणजे गंज. आणि कडाक्याच्या थंडीत पोटमाळ्यावरचा पाइप गोठला, की उघडी पद्धत कुणाला न कळता बंद होते आणि खाली बॉयलर पेटलेलाच असतो. म्हणून टाकी हळूहळू खाली, बॉयलरशेजारी, गरम जागी आली आणि बंद झाली. मग १९५४ मध्ये शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या अॅमट्रोल कंपनीने एक्स्ट्रॉल नावाची रबरी पडद्याची टाकी आणली, आणि आज नव्या घरांत दिसतात त्या टाक्या त्याच जातीच्या.

तरीही माझं मत पुरतं फिरलं ते पंपाच्या गोष्टीने. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीतला रेडिएटर खळखळायचा. हवा अडकली असेल म्हणून मी छोटी चावी घेऊन त्याचा व्हेंट उघडत असे. एकदा बॉयलर चालू असताना उघडला, तर फुस्स करून हवा बाहेर येण्याऐवजी आत ओढली गेली. बोट धरून पाहिलं, बोट चिकटलं. दाबाखालच्या बंद पाइपात बाहेरची हवा शिरते कशी?

उत्तर टाकीतच होतं. टाकी जिथे जोडलेली असते तिथला दाब पंप बदलू शकत नाही. का, ते पाहा: टाकीतला दाब बदलायचा तर तिच्यात पाणी भरायला किंवा काढायला हवं; पंप पाणी नुसतं फिरवतो, नवं आणत नाही, असलेलं नेत नाही. म्हणून तो एक बिंदू ठाम. पंपाला जो काही जोर दाखवायचा तो त्या बिंदूच्या संदर्भाने. पंप टाकीच्या दिशेने पाणी ढकलत असेल, तर त्याला पुढे दाब वाढवता येत नाही. मग सगळा फरक मागच्या बाजूला उणे म्हणून पडतो. आमच्या वरच्या रेडिएटरपाशी शिल्लक दाब चार पीएसआय, आणि कुणीतरी जुना मंद पंप बदलून बसवलेल्या नव्या पंपाचा जोर पाच-सहाचा. चारातून पाच गेले की उरतं ते ओढणं. पंप टाकीपासून दूर ढकलत असता तर तेच पाच पीएसआय वरच्या मजल्यावर अधिक म्हणून मिळाले असते. बेल अँड गॉसेट कंपनीतले अभियंते गिल कार्लसन यांनी हे तत्त्व हीटिंगच्या लोकांना समजावून सांगितलं, आणि डॅन होलोहन यांच्या 'पंपिंग अवे' या पुस्तकाने ते बेसमेंटा-बेसमेंटांत पोचवलं.

हे कळल्यावर टाकीकडे जोडवस्तू म्हणून बघणं मला जमेना. घरभरच्या पाण्याचा दाब किती असावा, पंप कुठे असावा, हवा कुठून जावी आणि कुठे थांबावी, हे ती ठरवत होती. बॉयलर नुसता तापत होता. आम्ही पंपाची जागा बदलून घेतली, टाकी जिथे होती तिथेच ठेवली. खोलीतली खळखळ थांबली. फॉल्स सीलिंगचा बेत बारगळला. तेवढ्या भागात छत उघडं ठेवून टाकीला नवा रंग दिला आहे. नवरा अजूनही तिच्यावर डोकं आपटतो आणि माझ्या नावाने काहीतरी पुटपुटतो. ती तक्रार रास्त आहे.

जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही. पडद्याची टाकी लहान, स्वच्छ, गंजाची भीती कमी; बेसबोर्डवाल्या घरात किंवा सगळी रचना नव्याने करायची असेल तिथे मी तीच घ्यायला सांगेन. पण तिचा पडदा कधीतरी फाटतो, आणि फाटला की टाकी टाकून द्यावी लागते. त्याआधीही पडद्यातून हवा फार हळू झिरपत राहते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी तिच्या टोकाला असलेल्या, मोटारीच्या चाकाला असतो तसल्याच व्हॉल्व्हला टायरचा गेज लावून दाब बघावा लागतो, तोही टाकी पाण्यापासून तोडून, तिच्यातलं पाणी काढून. जोडलेल्या अवस्थेत गेज पाण्याचाच दाब सांगतो. व्हॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा गेला. आमच्या लोखंडी टाकीला फाटायला काही नाही. वर्षातून एकदा टकटक करायची, आवाज बद्द झाला तर रिकामी करायची. हे मी स्वतः करते, आणि दादाला व्हिडिओवर दाखवते.

तर तुमच्या बेसमेंटमध्ये अशी टाकी असेल आणि कुणी ती बदलायला सांगत असेल, तर त्याला आधी तीन गोष्टी विचारा: माझ्या घरात एकूण पाणी किती, पंप टाकीकडे ढकलतो की तिच्यापासून दूर, आणि पाइपांवर ऑटोमॅटिक व्हेंट कुठे कुठे आहेत. उत्तरं मिळाली तर त्या माणसाचं ऐका, मग तो टाकी ठेवा म्हणो की काढा. आणि काढलीत तर हवेची सगळी व्यवस्था तिच्याबरोबर बदलून घ्या, अर्धी जुनी अर्धी नवी ठेवू नका.